दोन किलो तीनशे

कवडीपाटच्या बंधाऱ्यावर मुळा-मुठेचं पाणी जानेवारीतही फेसाळलेलं असतं, वासाचं तर विचारूच नका. तरी रविवारी पहाटे पुण्यातले पक्षीवेडे तिथे नाकाला रुमाल बांधून उभे असतात, कारण चक्रवाकांना तो वास चालतो. अशाच एका रविवारी माझ्या शेजारच्या काकांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा खंड्या मला दाखवला. त्याच्या चोचीतल्या माशाचा डोळासुद्धा दिसत होता. तोच खंड्या, तीच बाभळीची फांदी माझ्याही पडद्यावर होती, पण तिथे एक निळा ठिपका होता आणि तो खंड्या आहे हे मी सांगितलं तरच कळलं असतं.

"किती आहे? तीनशे?" माझ्या लेन्सकडे बघत काकांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मग बरोबर आहे," म्हणाले आणि परत डोळा लावून बसले.

या "मग बरोबर आहे"नं माझं पुढचं दीड वर्ष खाल्लं.

कॅमेरा निकॉनचा डी५६००, २०१९च्या दिवाळीत दोन लेन्सच्या किटसकट घेतलेला. १८-५५ची छोटी घरच्या समारंभांना आणि ७०-३००ची लांबची गंमत म्हणून. हे आकडे लेन्सच्या फोकल लेंथचे, मिलिमीटरमध्ये; आकडा जितका मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं. ती गंमतच अंगाशी आली. लॉकडाऊनमध्ये गॅलरीत बसून बुलबुल, शिंजीर टिपता टिपता सवय लागली, आणि घराबाहेर पडायची मुभा मिळाल्यावर पाषाण, सिंहगडची दरी, वीर धरण, भिगवण असं सगळं सुरू झालं. ही ७०-३०० वजनाला जेमतेम चारशे ग्रॅम. गळ्यात आहे हे विसरायला होतं. पण तीनशेला गेलं की तिचं छिद्र एफ/६.३च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान), म्हणजे उजेड कमी. आणि पक्षी माझ्यापासून नेहमी जरा जास्तच लांब.

बोनसचे पैसे धरून बजेट साठ हजार. त्यापलीकडे एक रुपया नाही, असं घरात जाहीर करून टाकलं होतं. जाहीर केलेलं असलं की मोडताना लाज वाटते, एवढाच त्याचा उपयोग.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर गेज. त्यामुळे कोणी "पाचशे घे, फरक कळेल" म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, किती फरक? कशात मोजायचा? त्या रविवारी घरी येऊन मी गूगल मॅपवर बंधाऱ्यापासून त्या बाभळीपर्यंतचं अंतर मोजलं. वीस मीटर. खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंटिमीटर. पुढचा हिशेब शाळेतला आहे: लेन्सची फोकल लेंथ गुणिले पक्ष्याची लांबी भागिले अंतर. तीनशेच्या लेन्सनं वीस मीटरवरच्या खंड्याचं सेन्सरवर पडणारं चित्र २.४ मिलिमीटरचं. सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद. म्हणजे फोटोच्या रुंदीचा दहावा भाग खंड्या आणि बाकी सगळी बाभूळ. पाचशेला तोच खंड्या ४ मिलिमीटर, सहाशेला ४.८.

आकडा लहान दिसतो, पण पिक्सेल उभेही वाढतात आणि आडवेही. तीनशेवरून चारशेला गेलं की पक्ष्याच्या वाट्याचे पिक्सेल पावणेदोन पट होतात, पाचशेला जवळजवळ पावणेतीन पट आणि सहाशेला चौपट. हे एका कागदावर लिहून मी फ्रिजवर लावलं. मुलीनं खाली लिहिलं, "आणि जवळ गेलं तर?"

तिनं चेष्टेत लिहिलं होतं, पण हिशेब करून पाहिला तर दहा मीटरवर तीनशेची लेन्स जे देते तेच वीस मीटरवर सहाशेची देते. फुकटात. मग मी लेन्सचा विषय तात्पुरता बाजूला ठेवला आणि माझे जुने फोटो तपासायला घेतले, कारखान्यात परत आलेला माल तपासतात तसे. प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा शटरचा वेग, आयएसओ (म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील), फोकल लेंथ नोंदवून ठेवतो. दहातले नऊ फोटो पूर्ण तीनशेला काढलेले निघाले. हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते दुसरं: जे फोटो मी "लेन्स भिकार आहे" म्हणून टाकून दिले होते त्यातले बरेचसे १/२००, १/२५० सेकंद अशा शटरला काढलेले होते. तीनशेची लेन्स, त्यात लहान सेन्सर. जुना ठोकताळाही १/४५० सेकंदाच्या खाली उतरू नका म्हणतो. लेन्समधली हात स्थिर करणारी यंत्रणा माझा हात सांभाळते, पण धोबी शेपटी हलवतो त्याला ती काय करणार?

ऑटो आयएसओ चालू केला आणि शटर १/१०००च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं कॅमेऱ्याला सांगून ठेवलं. फोटोत दाणे वाढले, पण पिसं दिसायला लागली. दुसरं म्हणजे उभं राहणं सोडलं. वेडा राघू एका फांदीवरून झेप घेतो, माशी पकडतो आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन तिला आपटत बसतो. त्याच्यामागे पळण्यात अर्थ नाही. सासवडच्या माळावर अशा एका बोरीच्या झुडपापाशी मी पाऊण तास मांडी घालून बसलो. पहिली वीस मिनिटं तो लांबच्या तारेवर होता, मग आला. सहा मीटरवर. त्या फोटोत चोचीतल्या चतुराच्या पंखावरची जाळी मोजता येते. लेन्स तीच, भिकार.

यात जवळजवळ एक वर्ष गेलं आणि मला वाटतं तेच वर्ष सगळ्यात स्वस्तात पडलं.

पण पाण्याला हे लागू नाही. भिगवणला, कवडीपाटला तुम्ही मांडी घालून बसा नाहीतर शीर्षासन करा, मधलं पाणी काही हटत नाही. तेव्हा शोध पुन्हा सुरू झाला, आणि सुरू झाला म्हटल्यावर सल्लेही.

पहिला सल्ला मेहुण्याचा. त्याच्याकडे निकॉनचा पी९००. झूम २००० मिलिमीटरइतका. "भावजी, चंद्राचे खड्डे दिसतात, तुम्ही काय साठ हजार घालताय?" त्यानं गच्चीवर नेऊन दाखवले, आणि दिसले. मी या कॅमेऱ्याला नावं ठेवणार नाही. पक्षी ओळखायचाय, नोंद करायचीय, भर उन्हात झाडाच्या शेंड्यावर बसलेली घार हवीय, तर त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. पण त्याचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षा लहान. सकाळी सातला सिंहगडच्या दरीत झाडाखाली नर्तक पाहिला तेव्हा मेहुण्याच्या फोटोत नर्तक आणि पालापाचोळा एकाच रंगात कालवले गेले होते. उडत्या पक्ष्याला पकडेपर्यंत तर तो दुसऱ्या तालुक्यात.

दुसरा सल्ला मी स्वतःच स्वतःला दिला: आरशाची लेन्स. पाचशे मिलिमीटर, एफ/८, हाताएवढी लहान, किंमत दहा हजारांच्या आत. आत काचांऐवजी आरसे असतात, दुर्बिणीसारखे, म्हणून लांबी कमी. फोकस हातानं करायचा, छिद्र बदलता येत नाही. एका ओळखीच्यांकडून आठवडाभर आणली. पुढच्या काचेच्या मधोमध आरशाचा गोल काळा तुकडा असतो, त्यामुळे मागच्या धूसर भागात उजेडाचा प्रत्येक ठिपका भोकाच्या वर्तुळासारखा उमटतो. पाण्यावर ऊन चमकत असेल तर बदकाच्या मागे शे-दीडशे मेदूवडे तरंगताना दिसतात. मुलीला ते फोटो फार आवडले. मी लेन्स परत केली.

टेलिकन्व्हर्टरचा, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून फोकल लेंथ वाढवणाऱ्या भिंगाचा विचार एका संध्याकाळीच संपला: निकॉनचा कन्व्हर्टर माझ्या ७०-३००ला बसतच नाही, आणि बसता तरी उजेड निदान निम्म्यानं कमी.

मग जुन्या लेन्स. इथे डी५६०० घेताना कोणी न सांगितलेली गोष्ट कळली. या बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, फोकसची मोटर नाही. निकॉनच्या जुन्या "डी" लेन्सपैकी बऱ्याच बॉडीतल्या मोटरवर, स्क्रूनं चालणाऱ्या. त्या माझ्या कॅमेऱ्यावर बसतात, फोटोही काढतात, पण फोकस हातानं. सन २००० मधली ८०-४०० अशीच. स्वस्तात मिळत होती, दुकानदारानं "निकॉनचीच आहे, चालणारच" म्हटलं होतं. चालली असती, बैलगाडीसारखी. त्याच काळातली ३०० एफ/४ मात्र वेगळी. तिच्या आत स्वतःची मोटर आहे. तिच्यावर मी जवळजवळ ठरवलंच होतं. माझ्या ७०-३००च्या तुलनेत अडीचपट उजेड, वजन दीड किलोच्या आत, आणि दीड मीटरवरची फुलपाखरंही टिपते. स्थिर करणारी यंत्रणा नाही, पण १/१०००ला तिची फारशी गरजही नसते. तुम्ही जंगलात, सावलीत हिंडणारे असाल तर सेकंडहँडमध्ये हीच शोधा असं मी आजही सांगेन. पण माझी अडचण पाण्यापलीकडच्या खंड्याची होती आणि तीनशेवरून तीनशेला जाऊन त्याचे पिक्सेल वाढणार नव्हते.

उरलं काय? सिग्मा आणि टॅमरॉनच्या १००-४००, दोन्ही सव्वा किलोच्या आत. त्यांच्याच १५०-६००, दोन किलोच्या आसपास (सिग्माची हलकी, कंटेम्पररी नावाची धरून). आणि निकॉनची स्वतःची २००-५००, एफ/५.६, २०१५ साली आलेली.

लोक विचारतात की लांबच्या लेन्स एवढ्या महाग आणि जड का. फोकल लेंथला छिद्राच्या आकड्यानं भागा, पुढची काच निदान किती रुंद हवी ते कळतं. पाचशे भागिले ५.६, म्हणजे नव्वद मिलिमीटर. म्हणून २००-५००ला ९५ मिलिमीटरचा फिल्टर लागतो. सहाशे भागिले ६.३ म्हणजे साधारण पंचाण्णव, म्हणून सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीलाही ९५चाच. आणि मोठे लोक वापरतात ती ६०० एफ/४? दीडशे मिलिमीटर. नाश्त्याच्या बशीएवढी निर्दोष काच, आणि तिच्या मागे तशाच आणखी. तिच्या किमतीत चारचाकी येते. स्वस्त लेन्स म्हणजे बाकी काही नाही, उजेडात काटकसर केलेली लेन्स.

एवढं कागदावर झाल्यावर मी भाड्यानं आणायचं ठरवलं. हे खरं तर आधीच करायला हवं होतं. शनिवार-रविवारसाठी २००-५००, दिवसाला हजार रुपये, आधारची प्रत आणि अनामत म्हणून एक चेक. दुकानातल्या मुलानं काउंटरवर प्रत्येक ओरखड्याचे फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवले. घरी आणून मी ती सगळ्यात आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. दोन किलो तीनशे.

"बटाटे दोन किलो आणि वर तीनशे ग्रॅम आलं," बायको म्हणाली. "हे गळ्यात घालून फिरणार तुम्ही?"

गळ्यात घालायची नसतेच. लेन्सच्या कॉलरला, म्हणजे तिच्याभोवतीच्या कड्याला, पट्टा लावून खांद्यावरून तिरकी सोडायची, नाहीतर कॅमेऱ्याच्या माउंटवर, लेन्स अडकते त्या जागेवर, सगळा भार येतो. हे मला त्या दुकानातल्या मुलानं सांगितलं आणि त्याचे हजार रुपये तिथेच वसूल झाले.

पहाटे चारला निघून भिगवणला, कुंभारगावच्या धक्क्यावर. उजनीचं मागचं पाणी, धुकं, होडीत मी आणि नावाडी. ट्रायपॉड नेला होता. नावाड्यानं त्याच्याकडे बघितलं, काही बोलला नाही. होडीत पाय रोवल्यावर कळलं की ट्रायपॉड स्थिर असतो आणि होडी हलते, म्हणजे ट्रायपॉडही हलतो. तो गुंडाळून तळाशी टाकला. डाव्या हाताचं कोपर पोटाशी, लेन्स तळहातावर, श्वास धरून. पट्टकादंबांचा थवा उठला तेव्हा मी झूम रिंग फिरवत होतो. दोनशेवरून पाचशेला जायला ती बरीच फिरवावी लागते, एका झटक्यात होत नाही. पहिला थवा गेला. दुसरा पाचशेवरच लावून ठेवलेल्या लेन्सला मिळाला. मागच्या पडद्यावर डोक्यावरचे दोन काळे पट्टे वेगवेगळे मोजता आले तेव्हा मी होडीत एकटाच हसलो असणार, कारण नावाडी म्हणाला, "घावलं का, सर?"

साडेनऊनंतर मात्र काहीतरी बिघडलं. खांबावर बसलेली मीनखाई घार मिळाली होती, हलत नव्हती, शटर १/१६००, होडीचं इंजिन बंद. तरी एकही फोटो स्पष्ट नाही. रोहितांचे पाय तर शेवयांसारखे वळवळत होते. लेन्स खराब दिली असं वाटून मी मनात त्या मुलाला शिव्या घातल्या.

"आता न्हाई यायचं, सर," नावाडी म्हणाला. "ऊन चढलं की पानी हलतंय. वाफ. सातला कसं काचेगत हुतं."

उन्हात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तेच. थंड पाणी, तापत चाललेली हवा आणि मधलं शंभर मीटर अंतर. प्रत्येक मीटरला हवेचं भिंग वेगळं. लेन्स जितकी लांब तितकी ती थरथरही मोठी करून दाखवते. त्या दिवशी माझ्या हिशेबातला एक आकडा खोडला गेला. सहाशेचं आकर्षण बरंचसं या समजुतीवर होतं की आणखी लांबचं टिपता येईल. लांबचं दिसतं, टिपता येत नाही. पाचशे मिलिमीटर माझ्या तीस-चाळीस मीटरसाठी पुरेसे होते आणि त्यापलीकडचं हवेच्या मर्जीवर. दुपारी मासळीचं ताट खाताना उजवं मनगट नीट वळत नव्हतं, भाकरी डाव्या हातानं तोडली.

परत आल्यावर दोन आठवडे मी रोज संध्याकाळी गच्चीवर दोन लिटरची पाण्याची बाटली डोळ्यापर्यंत नेऊन दहा आकडे मोजत होतो. समोरच्या इमारतीतल्या आजींनी बायकोला विचारलं, "यांना डॉक्टरांनी सांगितलंय का?" चारशेच्या हलक्या लेन्सचा पर्याय मी या काळात रोज उघडून बंद करत होतो. शेवटी ठरलं ते मनगटानं ठरवलं: दोन आठवड्यांनी बाटली जड लागेनाशी झाली.

नवी २००-५०० तेव्हा लाखाच्या घरात होती. म्हणजे सेकंडहँड. इथे नशीब थोडं बरं होतं. निकॉननं २०२३च्या जूनमध्ये मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या धर्तीच्या कॅमेऱ्यांसाठी १८०-६०० जाहीर केली आणि हौशी लोकांची जुनी २००-५०० विकायची घाई सुरू झाली. आपल्याला जुन्या कॅमेऱ्यावरच राहायचं असेल तर दुसऱ्याच्या हौसेवर आपली भाकरी भाजून घेता येते. शिवाय हिच्यात स्वतःची मोटर असल्यामुळे उद्या मीही मिररलेस घेतला तर अडॅप्टर लावून ती तिथेही चालेल.

पहिली पाहिली ती मुंबईत, फोर्टातल्या एका दुकानात. बाहेरून चकाचक. मी खिशातून टॉर्च काढला तसा दुकानदाराचा चेहरा बदलला. लेन्सचं तोंड उजेडापासून बाजूला करायचं, मागून टॉर्च तिरका मारायचा आणि पुढच्या काचेतून आत बघायचं. धूळ असतेच, धुळीनं काही होत नाही. इथे आतल्या एका काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरले होते. बुरशी. मुंबईचे चार पावसाळे कपाटात काढलेली लेन्स असणार. "साफ करून देतो, साहेब," म्हणाला. बुरशी काचेवरचा लेप खाते. साफ केली तरी डाग राहू शकतो आणि आतल्या काचा उघडून परत त्याच जागी बसवणं हे किती कठीण काम आहे ते मी रोज मायक्रॉनमध्ये मोजतो. मी चहा घेतला आणि डेक्कन क्वीनला येऊन बसलो.

दुसरी कोथरूडला, दुसऱ्या कंपनीची १५०-६००, पन्नास हजार. म्हटलं सहाशेचा मोह मोडलाय, पण बघायला काय जातं. इथे मी पेन्सिल सेल घेऊन गेलो होतो. तीन सेल भिंतीच्या कठड्यावर उभे करायचे, तिरक्या रांगेत, प्रत्येकी पाच सेंटिमीटर मागे. सहा मीटरवर उभं राहून मधल्या सेलवर फोकस. एवढ्या जवळ अशा लेन्सला स्पष्टतेची जाडी दोन-तीन सेंटिमीटरच मिळते, म्हणजे चूक लपत नाही. डोळा लावून काढलेल्या पाचही फोटोंत पुढचा सेल लख्ख आणि मधला मऊ. मग मागच्या पडद्यावर बघून, लाइव्ह व्ह्यूमध्ये काढलं: मधला लख्ख. म्हणजे काच उत्तम, पण माझी बॉडी आणि ही लेन्स यांचं पाच सेंटिमीटरचं भांडण. डी७२०० किंवा डी७५०० असता तर मेन्यूत जाऊन हे मिटवता आलं असतं. डी५६००मध्ये ती सोय नाही. काही सिग्मा आणि टॅमरॉन लेन्सना यूएसबीचा डॉक जोडून लेन्समध्येच दुरुस्ती करता येते, या लेन्सला तोही नव्हता. कंपनीचं नाव सांगत नाही. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर हीच लेन्स बाणासारखी चालेल. विकणारा मुलगा खट्टू झाला. त्याला सेलची युक्ती शिकवून आलो.

सेकंडहँड लेन्स बघायला जाताना स्वतःची बॉडी न्यायलाच हवी, एवढं या पन्नास हजारांनी न खर्च होता शिकवलं.

तिसरी बाणेरला एका डॉक्टरांकडे. २००-५००, मूळ बिल, खोका, हूड (लेन्सच्या तोंडाला लावायची नळी), दोन्ही झाकणं. डॉक्टर मिररलेसवर गेले होते आणि ही कोरड्या कपाटात ठेवलेली होती; कपाटावरचा काटा पंचेचाळीस टक्के दमटपणा दाखवत होता, ते पाहून निम्मं मन तिथेच झालं. टॉर्च मारला, स्वच्छ. झूम पुढे-मागे, कुठे अडकत नाही, वाळूचा आवाज नाही. शटर अर्धं दाबून कानाशी लावली. स्थिर करणाऱ्या यंत्रणेची बारीक गुणगुण, खडखड नाही. सेल मांडले. मधला लख्ख, पाचपैकी चारदा. मग समोरच्या इमारतीवरचा विजेचा मीटरबोर्ड. दोनशे, साडेतीनशे, पाचशे, प्रत्येकाचे ५.६ आणि ८ असे. पाचशेला ५.६वर अक्षरं जरा मवाळ, ८वर कातीव. चारी कोपरे सारखे.

"तुम्ही इन्स्पेक्शन करता का कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

ते हसले. पासष्ट सांगत होते, अठ्ठावन्नला दिली. उरलेल्या दोन हजारांत मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड आला. ९५ मिलिमीटरचा चांगला यूव्ही फिल्टर परवडला नाही, आणि स्वस्त काच एवढ्या काचेपुढे लावण्यात शहाणपण नाही. हूड लावलेलं असलं की फांद्या-बोटं काचेपर्यंत पोचत नाहीत.

आल्या रविवारी कवडीपाट. बाभळीवर खंड्या होता. वीस मीटर, पाचशे, १/१२५०. घरी येऊन पडद्यावर पट्टी लावून मोजला: हजार पिक्सेलला वीस कमी. हिशेब बरोबर आला. चोचीत मासा नव्हता, ते माझ्या हातात नाही. काका भेटले नाहीत. भेटले असते तर मी न विचारता दाखवला असता.

७०-३०० विकली नाही. सिंहगड चढताना तीच असते, आणि आता ती मुलीची झाली आहे. बोरीच्या झुडपाशी तिच्याइतका दम मला निघत नाही.

राहता राहिला पावसाळा. डॉक्टरांसारखं विजेवरचं कोरडं कपाट आठ-दहा हजारांना पडतं आणि बजेट संपलेलं. म्हणून मी बायकोचा पापडांचा हवाबंद डबा घेतला, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या आणि सात रुमाल. दाणे निळे असतात, दमट झाले की गुलाबी होतात, मग कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. जूनपासून दोनदा परतले. कढई कुठली वापरली ते विचारल्यावर मी दोन्ही वेळा खरं सांगितलं नाही. यंदा पापड स्टीलच्या डब्यात सादळले, आणि डबा परत कधी मिळणार याची रोज चौकशी चालू आहे.